अमेरिकेतल्या काउंटी कोर्टातून घटस्फोटाच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल कशी मिळवायची?

निशिगंधा

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय खासगी आहे, पण या वाटेने गेलेली माणसं इथेच भेटतील असं वाटतं, म्हणून सगळं मोकळेपणाने लिहिते.

माझं लग्न २००१ साली पुण्यात झालं, हिंदू विवाह कायद्याखाली. नंतर आम्ही कॅलिफोर्नियात होतो. २००९ मध्ये तिथेच, सॅन्टा क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) कोर्टात, दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला. २०११ मध्ये मी कायमची परत आले. आता मी पुन्हा लग्न करतेय. विशेष विवाह कायद्याखाली, नोंदणी पद्धतीने. नोटीस द्यायला आम्ही विवाह नोंदणी कार्यालयात गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी माझा कागद उजेडात धरून पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, ही झेरॉक्सची झेरॉक्स आहे. कोर्टाची सर्टिफाइड कॉपी आणा, मग नोटीस घेते."

त्यांचं बरोबरच आहे. माझ्याकडे आहे तो माझ्या तेव्हाच्या वकिलांनी फॅक्स केलेला कागद. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा काळा डाग झालाय. केस नंबरचा शेवटचा आकडा ३ आहे की ८, ते भिंग लावूनही कळत नाही. मूळ प्रत माझ्याकडे आली होती का, तेसुद्धा आता आठवत नाही. ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. कागद जपायचं भान तेव्हा नव्हतं.

मी आधी कॅलिफोर्निया राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडे अर्ज करणार होते, कारण जन्म-मृत्यूचे दाखले तिथून मिळतात. पण त्यांच्याकडे घटस्फोटाच्या नोंदींचे दाखले १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळाचे आहेत. मग २००९ चा कागद कोणाकडे मागायचा? केस नंबर नक्की नसेल तर चालतं का? मी इथून, पुण्यातून, हे करू शकते का? आणि हा कागद इथे जसाच्या तसा चालेल की त्यावर आणखी काही करून घ्यावं लागेल?

खाडीकाठ

निशिगंधा, आधी मनापासून अभिनंदन. कागद मिळेल, काळजी सोडा. मी सॅन होजेत, म्हणजे त्याच काउंटीत, राहतो आणि दोन मित्रांसाठी हे काम केलंय.

घटस्फोटाचे कागद तीन तऱ्हेचे असतात आणि बहुतेकांची गल्लत तिथेच होते. राज्याच्या आरोग्य खात्याकडे मिळतो तो नुसता दाखला. कोणाचा, कुठल्या काउंटीत, कोणत्या तारखेला, एवढंच त्यात असतं, आणि सगळी राज्यं तो देतही नाहीत. कोर्टाकडे असतो तो निकाल, म्हणजे डिक्री किंवा जजमेंट. आणि तिसरी म्हणजे अर्जापासून शेवटपर्यंतची अख्खी फाइल. तुम्हाला हवाय तो निकाल. खिडकीवर 'डिव्होर्स सर्टिफिकेट' म्हणालात तर समोरचा माणूस तुम्हाला राज्याच्या खात्याकडे पाठवू शकतो. 'सर्टिफाइड कॉपी ऑफ जजमेंट' हेच शब्द वापरायचे.

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं एक सुपिरिअर कोर्ट. घटस्फोट ज्या काउंटीत झाला तिथलंच कोर्ट तो कागद देतं, शेजारचं देत नाही. निकाल एफएल-१८० या दोन पानी फॉर्मवर असतो आणि त्याच्यामागे तुमचा वाटणीचा करार जोडलेला असतो. एफएल-१९० नावाचा एक वेगळा एकपानी कागदही असतो, निकाल नोंदला गेल्याची सूचना. पुष्कळ लोक तो पोस्टाने आलेला कागदच निकाल समजून वर्षानुवर्षं जपून ठेवतात. तुमच्याकडचा फॅक्स नक्की कोणता आहे ते आधी बघा. डाव्या किंवा उजव्या खालच्या कोपऱ्यात फॉर्मचा नंबर बारीक अक्षरात छापलेला असतो.

केस नंबरचा शेवटचा आकडा नसला तरी अडत नाही, नावावरून शोधतात. मात्र नाव तेव्हाचं द्या. लग्नानंतरचं आडनाव लावत असाल तर तेच. माहेरच्या नावाने शोधलंत तर फाइल सापडणार नाही. अर्ज नवऱ्याने केला असेल तर केस त्याच्या नावाने सुरू होते, म्हणून दोघांचीही नावं, स्पेलिंगसकट, आणि साधारण वर्ष लिहा. शोधायला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर १५ डॉलर शोध-फी पडते. नंबर हाताशी असला तर ते वाचतात. कोर्टाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, तिथे आधी प्रयत्न करा.

घटस्फोटाच्या निकालावर सही-शिक्का देण्याची फी कॅलिफोर्नियात १५ डॉलर आहे, शिवाय प्रत्येक पानाच्या प्रतीचे ५० सेंट. पोस्टाने मागवायचं असेल तर पानं किती निघतील ते आधी कळत नाही. म्हणून चेकवर रक्कम न भरता 'अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही' असं लिहून पाठवायची पद्धत आहे. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट लागतं. ते तिकीट अमेरिकन हवं आणि चेकही अमेरिकन बँकेचा, त्यामुळे पुण्याहून थेट करणं अवघड आहे. पण इथे घटस्फोटाचा निकाल सार्वजनिक कागद आहे. तुमच्याऐवजी मी गेलो तरी मला मिळतो, अधिकारपत्र लागत नाही.

मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी जाऊन आणतो.

निशिगंधा

खाडीकाठ, काय बोलू. व्यनि केलाय. फॅक्सच्या कोपऱ्यात बघितलं, एफएल-१९० आहे. म्हणजे इतकी वर्षं मी जो कागद निकाल म्हणून कपाटात ठेवला तो निकाल नव्हताच.

वैदर्भी_वकील

मी नागपूरला वकिली करते, कौटुंबिक प्रकरणंच जास्त. इथल्या बाजूचं सांगते.

आपल्या न्यायालयात नक्कल विभाग असतो, तसंच तिकडच्या क्लर्कच्या कार्यालयाचं काम समजा. पण परदेशी कोर्टाच्या नकलेबाबत आपल्याकडे एक पायरी जास्त आहे आणि ती लोक विसरतात. सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी हा निकाल या विषयात सगळे वकील सांगतात. तिरुपतीला लग्न झालेल्या जोडप्यातल्या नवऱ्याने अमेरिकेत मिसुरी राज्यात सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टातून १९८० मध्ये घटस्फोट मिळवला होता, बायकोच्या गैरहजेरीत. पुढे त्याने दुसरं लग्न केलं आणि पहिल्या पत्नीने द्विभार्येची फिर्याद केली. तो घटस्फोट इथे मानला गेला नाही.

त्या निकालातला एक छोटा मुद्दा मात्र निशिगंधा यांच्या प्रश्नाला थेट लागू आहे. नवऱ्याने दाखल केलेली डिक्रीची झेरॉक्स तिकडच्या डेप्युटी क्लर्कने रीतसर प्रमाणित केलेली होती. न्यायालयाने म्हटलं, झेरॉक्स आहे म्हणून ती बाद नाही. ती पुराव्यात येत नाही ती भारत सरकारच्या तिथल्या प्रतिनिधीने पुढचं प्रमाणपत्र दिलं नाही म्हणून. तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ८६ ची ती अट होती. म्हणजे काउंटीचा शिक्का असूनही कागद कमी पडला.

आता हे काम अपोस्टिलने सोपं झालंय. अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं, दुसऱ्या देशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र. भारतात १४ जुलै २००५ पासून हेगचा अपोस्टिल करार लागू आहे, अमेरिकेत तो १९८१ पासूनच होता. त्यामुळे सध्या कार्यालयं अपोस्टिल लावलेली नक्कल घेतात. तुम्ही ती लावूनच आणा. नंतर बँक, पासपोर्ट, फ्लॅटची नोंदणी, कुठेही कोणी हरकत घ्यायला नको.

तुमचा घटस्फोट दोघांच्या संमतीने आणि दोघंही तिथे राहत असताना झालाय. त्याच १९९१ च्या निकालात अपवाद सांगितलेत, त्यात हे बसतं. समोरच्याने परदेशी कोर्टात निकालाला संमती दिली असेल तर तो निकाल इथे मानला जातो. म्हणून संमतीचा भाग नकलेत यायलाच हवा. करार जोडलेला असेल तर तो काढून टाकून फक्त पहिलं पान मागवू नका. सगळी पानं घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४ नुसार प्रमाणित नक्कल हजर केली की निकाल अधिकार असलेल्या कोर्टानेच दिला असं गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध करायची जबाबदारी हरकत घेणाऱ्यावर.

ज्यांचा घटस्फोट एकतर्फी झालाय, दुसरा पक्ष भारतात होता आणि कधी हजरच झाला नाही, त्यांनी मात्र नुसत्या नकलेवर विसंबू नये. आधी वकिलाला दाखवा. कौटुंबिक न्यायालयाकडून वैवाहिक स्थितीची घोषणा मागता येते, कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ७ मध्ये तशी तरतूद आहे.

हडसनपार

न्यूयॉर्कवाल्यांसाठी लिहिते, कारण आमच्याकडे गणित फार वेगळं आहे आणि वर वाचून कोणी मित्राला पाठवेल तर हात हलवत परत येईल.

इथे घटस्फोट देतं ते कोर्ट 'सुप्रीम कोर्ट'. नाव ऐकून घाबरू नका, न्यूयॉर्कमध्ये ते खालचं कोर्ट आहे. कागद मात्र काउंटी क्लर्ककडे असतात. आणि घटस्फोटाच्या फायली शंभर वर्षं गोपनीय असतात, तसा कायदाच आहे. नवरा, बायको, त्यांचे वकील किंवा कोर्टाचा हुकूम घेऊन आलेला माणूस, एवढ्यांनाच मिळतात. मी स्वतः गेले तेव्हा फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागलं. भावाला पाठवणार असाल तर नोटरी केलेलं अधिकारपत्र लागतं. भारतातून ते करायचं तर मुंबईला बीकेसीत अमेरिकन वकिलातीत नोटरीची वेळ घेता येते, एका शिक्क्याला ५० डॉलर.

शहरातल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, न्यूयॉर्क शहर म्हणजे पाच काउंट्या. मॅनहॅटन म्हणजे न्यूयॉर्क काउंटी, ब्रुकलिन म्हणजे किंग्ज, स्टेटन आयलंड म्हणजे रिचमंड. क्वीन्स आणि ब्रॉन्क्सची नावं तीच आहेत. राहत होतो क्वीन्सला म्हणून केसही क्वीन्सलाच असेल असं नाही, वकील कुठे दाखल करतो त्यावर असतं.

राज्याचं आरोग्य खातं १ जानेवारी १९६३ पासूनच्या घटस्फोटांचे दाखले देतं. केस कुठल्या काउंटीत होती तेच ठाऊक नसेल तर त्या दाखल्यावरून ते कळतं. तेवढ्यापुरता तो फार कामाचा. पण पुढे चालणारा कागद काउंटी क्लर्कचाच.

अबोली

मी पण खूप दिवस विचारावं म्हणत होते. माझा घटस्फोट टेक्ससमध्ये झाला. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहत होतो, आधी प्लेनो, शेवटी फ्रिस्को. मी मुलाला घेऊन नागपूरला आईकडे आले. कागद सगळे त्यांच्या वकिलांकडे होते, माझ्याकडे काहीच नाही. मुलाच्या शाळेत आणि पासपोर्टला दर वेळी ताब्याचा आदेश मागतात.

माझा प्रश्न वेगळा आहे. मी नक्कल मागितली तर त्यांना कळतं का? कोर्ट त्यांना काही पाठवतं का? मला त्यांच्याशी कुठलाही संबंध नको आहे आणि माझा इथला पत्ता त्यांना समजायला नको आहे.

खाडीकाठ

अबोली, नकलेची मागणी म्हणजे नवा अर्ज नाही. क्लर्क दुसऱ्या पक्षाला नोटीस पाठवत नाही. नक्कल देणं हे त्यांचं रोजचं काम आहे, दिवसभर खिडकीवर माणसं येऊन नकला नेत असतात. तरीही मागणीच्या कागदावर स्वतःचा पत्ता द्यायचा नसेल तर विश्वासातल्या कोणाचा अमेरिकेतला पत्ता द्या. नक्कल तिकडे जाईल.

डॅलसकर_जोशी

अबोलीताई, मी इथे २० वर्षं आहे. टेक्ससचं नीट समजून घ्या, कारण इथे दोन क्लर्क असतात. काउंटी क्लर्ककडे लग्नाचे परवाने आणि जमिनीचे कागद. घटस्फोट असतो डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे. नाव सारखं वाटतं, इमारतही बऱ्याच ठिकाणी एकच, आणि माणसं तासभर चुकीच्या रांगेत उभी राहतात.

प्लेनो बहुतांश कॉलिन काउंटीत आहे. तिथलं डिस्ट्रिक्ट क्लर्कचं कार्यालय मॅकिनीला. पण फ्रिस्को अर्धं कॉलिनमध्ये, अर्धं डेंटन काउंटीत. अर्ज करणाऱ्याला किंवा समोरच्याला त्या काउंटीत ९० दिवस राहिलेलं असावं लागतं आणि राज्यात सहा महिने. म्हणून अर्ज केला तेव्हा तुमचं किंवा त्यांचं घर नेमकं कुठल्या बाजूला होतं ते आठवा. जुनं वीजबिल किंवा भाडेकरार असेल तर पत्ता नकाशावर टाकून काउंटीची हद्द बघा. दोन्ही काउंट्यांच्या संकेतस्थळांवर नावाने शोधता येतं.

इथे केस नंबर म्हणत नाहीत, 'कॉज नंबर' म्हणतात. कागदाचं नाव 'फायनल डिक्री ऑफ डिव्होर्स'. मुलाचा ताबा, भेटी, खर्च, सगळं त्याच डिक्रीत असतं, त्यामुळे ताब्यासाठी वेगळा आदेश शोधत बसू नका. मुलं असली की डिक्री ४०-५० पानांची सहज होते आणि इथे प्रत पानाला एक डॉलर पडते, तेवढी तयारी ठेवा. पण एकही पान गाळू नका.

राज्याचं खातं १९६८ पासूनच्या घटस्फोटांचं एक पडताळणीपत्र देतं. त्यात ताब्याचं काहीही नसतं. तुमच्या कामाचं नाही.

निशिगंधा

अबोली, तुझा प्रश्न वाचून पोटात कालवलं. मीही पहिली सहा वर्षं कोणी फोन केला की आधी नंबर बघायचे. तू एकटी नाहीस गं. पाहिजे तेव्हा व्यनि कर.

सुमन_काकू

मुलींनो, मी ६५ वर्षांची आहे, शिकागोजवळ राहते. माझं हे १९९४ मधलं. मी वेगळ्याच कारणासाठी मागवली, ते सांगते, कारण आपल्या बायकांना हे कोणी सांगत नाही.

लग्न किमान १० वर्षं टिकलं असेल, तुम्ही पुन्हा लग्न केलेलं नसेल आणि वय ६२ झालं असेल, तर पूर्वीच्या नवऱ्याच्या कमाईच्या नोंदीवर तुम्हाला सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनचा, लाभ मागता येतो. तुमच्या स्वतःच्या रकमेपेक्षा तो जास्त बसत असेल तर. त्यांचा एक पैसाही त्याने कमी होत नाही. मी आयुष्यभर पाळणाघर चालवलं, हातात रोख पैसे घ्यायचे, माझ्या नावावर नोंदच थोडी. मला हे ६३ व्या वर्षी देवळातल्या एका बाईंनी सांगितलं.

सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात मूळ किंवा कोर्टाने प्रमाणित केलेलीच प्रत चालते. साधी झेरॉक्स घेत नाहीत, नोटरीने सही केलेली झेरॉक्सही नाही. बघून झाल्यावर कागद परत देतात. माझं कोर्ट सर्किट कोर्ट, कागद सर्किट कोर्टाच्या क्लर्ककडे. इतकी जुनी फाइल कोर्टात नव्हती, गोदामात होती. आधी मागणी नोंदवायची, मग फाइल आली की जायचं. पहिल्या फेरीला हातात काही मिळणार नाही हे धरूनच जा. मी डबा घेऊन गेले होते, दुसऱ्या फेरीला नाही लागला.

निकालावर न्यायाधीशांची सही पाहिली आणि खाली माझी सही. तीस वर्षांपूर्वीची, शाळेतल्या मुलीसारखी. बराच वेळ तशीच बाकावर बसले.

ओकवृक्ष

सुमन काकू, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. आईला आत्ताच पाठवलं.

अपोस्टिलबद्दल एक. मी माझी नक्कल थेट वॉशिंग्टनला, परराष्ट्र खात्याकडे पाठवली होती आणि ती तशीच परत आली. केंद्र सरकारच्या कागदांना अपोस्टिल तिथे मिळतं. काउंटी कोर्टाचा कागद राज्याचा, त्यामुळे त्या राज्याचंच अपोस्टिल लागतं. बहुतेक ठिकाणी ते त्या राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्य सरकारचा एक अधिकारी, देतो. जॉर्जियात मात्र हे काम सुपिरिअर कोर्ट क्लर्क्सच्या सहकारी प्राधिकरणाकडे आहे. अटलांटावाल्यांनी लक्षात ठेवा.

खाडीकाठ

निशिगंधा, आज जाऊन आलो. नावावरून केस लगेच सापडली. तुमचा शेवटचा आकडा ८ आहे.

निकाल करारासकट १७ पानांचा आहे. दोन नकला घेतल्या, प्रत्येकी १५ आणि साडेआठ, एकूण ४७ डॉलर. पैशांचा विषय काढू नका, लग्नाचा आहेर समजा.

खिडकीवर मी आधीच सांगितलं की अपोस्टिल करायचंय आणि भारतात वापरायचंय. हे सांगणं महत्त्वाचं, कारण सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे ज्या अधिकाऱ्याची सही नोंदलेली असते त्याच्याच सहीवर अपोस्टिल मिळतं. आधी सांगितलं की त्याप्रमाणे प्रमाणपत्र जोडून देतात. आता दोन्ही नकला राज्याच्या राजधानीला, सॅक्रामेंटोला, पाठवतोय, एका अपोस्टिलचे २० डॉलर. सोबतच्या पत्रात कुठल्या देशासाठी ते लिहावंच लागतं.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या एफएल-१८० वर निकाल नोंदल्याची तारीख आणि लग्न संपल्याची तारीख वेगवेगळी आहे, दोन महिन्यांचा फरक. कॅलिफोर्नियात समोरच्याला कागद बजावल्यापासून किमान सहा महिने जावे लागतात, म्हणून लग्न संपल्याची तारीख पुढची पडते. नोटिशीच्या फॉर्मवर ती पुढची तारीख लिहा. आणि त्याच कागदावर तुमचं माहेरचं नाव परत लावण्याचा आदेशही आहे. ते तुम्हाला माहीत होतं का?

निशिगंधा

नव्हतं माहीत. मी इथे येऊन पासपोर्टवर नाव बदलून घेण्यासाठी राजपत्रात जाहिरात दिली, प्रतिज्ञापत्रं केली, दीड वर्ष फिरले. आणि ते नाव कोर्टाने २००९ मध्येच मला परत दिलेलं होतं.

वैदर्भी_वकील

निशिगंधा, म्हणूनच मी सगळी पानं घ्या म्हणत होते. लोक निकाल लागला की शेवटची ओळ वाचतात आणि मिटवून ठेवतात.

आता एक वेळेचं गणित. विशेष विवाह कायद्यात नोटीस दिल्यावर ३० दिवस हरकतीसाठी थांबावं लागतं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस रद्द होते, पुन्हा नवी द्यावी लागते. म्हणून कागद हातात आल्यावरच नोटीस द्या. हॉल, पाहुणे, सगळं त्यानंतर ठरवा.

पेनवाला

मध्येच विचारतो. माझी बहीण पिट्सबर्गला होती. तिथल्या कागदांवर 'प्रोथोनोटरी' असा शब्द आहे. हे कोण?

हडसनपार

पेनसिल्व्हेनियात दिवाणी कोर्टाच्या क्लर्कला प्रोथोनोटरी म्हणतात, जुना शब्द आहे. घटस्फोटाची डिक्री त्यांच्याकडेच. पिट्सबर्ग ॲलेघेनी काउंटीत, तिथे या कार्यालयाचं नाव आता 'डिपार्टमेंट ऑफ कोर्ट रेकॉर्ड्स' आहे. ते शोधा.

निशिगंधा

पाकीट आलं. आज सकाळी कुरिअरवाला आला तेव्हा कणीक मळत होते, तसेच हात धुऊन सही केली.

अपोस्टिलचा कागद वर आहे, राज्याच्या मुद्रेचा. तो निकालाला असा पक्का जोडलाय की पान उलटताना हळू हात लावावा लागतो. वैदर्भीताईंनी फोनवर बजावलं होतं, स्टेपल काढून स्कॅन करू नकोस, एकदा सुटली की कार्यालयात शंका घेतात. म्हणून तशीच काचेवर ठेवून, पान धरून धरून स्कॅन केली. शेवटच्या पानामागे क्लर्कचं प्रमाणपत्र आहे. त्यावरून बोट फिरवलं की कोर्टाचा उठावाचा शिक्का लागतो. झेरॉक्समध्ये तो उमटत नाही, हे मी करून बघितलं.

दुपारी आम्ही दोघं कार्यालयात गेलो. बाईंनी सगळी पानं पाहिली, लग्न संपल्याची तारीख वहीत लिहून घेतली आणि नोटीस स्वीकारली. फलकावर लागली ती मी उभी राहून वाचली. माझ्या नावापुढे 'घटस्फोटित' लिहिलंय. काही वर्षांपूर्वी तो शब्द नुसता दिसला असता तरी मी घरी परतले असते.

दुसरी नक्कल बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. खाडीकाठ, तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा. तारीख ठरली की निमंत्रण येईल.

अबोली

निशिगंधाताई, खूप आनंद झाला.

मी काल रात्री धीर करून नावाने शोधलं. कॉलिनमध्ये काही नव्हतं. डेंटनमध्ये सापडलं. कॉज नंबर लिहून घेतलाय. जोशीकाका, तुम्ही व्यनित म्हणालात तसं मागणीचं पत्र तयार केलंय, पत्ता तुमचा घातलाय. आईला वाचून दाखवलं. उद्या बाळाला शाळेत सोडलं की तुम्हाला मेल करते, तुमच्याकडे तेव्हा रात्र असेल, सावकाश उत्तर द्या.

डॅलसकर_जोशी

जागाच असेन. पाठव. सोमवारी सकाळी नेऊन देतो, आणि ताब्याची पानं सगळी आहेत का ते खिडकीवरच मोजून घेतो.